दोनाला एक रेघ कमी

आमच्या चेण्याच्या घराचं मागचं दार बाहेरून हिरवं आहे, पण आतल्या बाजूला त्याला रंग नाही. त्या कोऱ्या लाकडावर सुताराच्या पेन्सिलीने मी काही वर्षं रोज तीन आकडे लिहिले. त्यातले सात महिन्यांचे दुपारचे आकडे खोटे आहेत. ते खोटे आहेत हे मला वेळेवर कळलं असतं, तर माझ्या बायकोचा उजवा डोळा वाचला असता. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी माझी हुशारी सांगायला लागेन, तेव्हा ती किती धरायची ते वाचणाऱ्याने ठरवावं.

मी चौथीपर्यंत शिकलो. मुंबईत एका बस डेपोच्या बॅटरी खोलीत सव्वीस वर्षं काढली. बॅटऱ्या उतरवायच्या, चार्जिंगला लावायच्या, प्रत्येक खान्यातलं पाणी बघायचं. मग काचेच्या नळीत आसिड ओढायचं आणि नळीतली तरंगती काडी किती वर येते ते वाचायचं. त्या नळीला हायड्रोमीटर म्हणतात. काडी वर आली तर बॅटरी भरलेली, खाली बसली तर रिकामी. शिकलेले साहेब कागदावर हिशेब मांडायचे आणि शेवटी मलाच हाक मारायचे. बॅटरीच्या बाबतीत माझा शब्द डेपोत कोणी खाली पडू दिला नाही. त्याची मला घमेंड होती. अजून आहे.

कंबर गेली तेव्हा, नव्वदच्या आगेमागे, मी नोकरी सोडली. आमचे नातेवाईक मीरा रोडला बिल्डिंगींत फ्लॅट घेत होते. मी चेण्याला गावाच्या कडेला दोन खोल्यांचं स्लॅबचं घर घेतलं. डोक्यावरची गच्ची माझी स्वतःची पाहिजे, एवढाच हट्ट होता. गावात लाईट होती, म्हणजे तार आलेली होती. संध्याकाळी बटण दाबलं की बल्बच्या आतली तार तांबडी व्हायची, उजेड पडायचा नाही. दिवसाही कधी असायची, कधी तासन् तास नसायची.

तेव्हा एका सरकारी योजनेत घरावर बसवायची सोलर प्लेट मिळत होती. एक प्लेट, एक मोठी बॅटरी आणि ट्यूबलाईटच्या दोन लहान नळ्या. मी अर्ज केला, खेपा घातल्या आणि मिळवली. गावातले लोक हसले. उन्हावर पापड वाळतात, दिवे लागत नाहीत, असं एकाने ओट्यावर बसून मला ऐकवलं. त्याच्याच घरची लाईट त्या संध्याकाळी गेली आणि माझ्या खिडकीतला पांढरा उजेड रस्त्यावर पडला. मी मुद्दाम खिडकी उघडी ठेवली होती.

प्लेट बसवणाऱ्यांनी भिंतीवर एक डबा लावून दिला. त्यावर हिरवा दिवा लागला की ठीक, लाल लागला की बंद करा. मला ते पटेना. ताप किती आहे ते न सांगता नुसतं बरा किंवा आजारी सांगावं, तसं ते वाटायचं. मी भंगारातून काट्याचं एक मीटर आणलं, साफ केलं आणि प्लेटीकडून येणाऱ्या वायरीत बसवलं. ऊन चढलं की काटा चढायचा, ढग आला की खाली यायचा. तबकडीवर शून्य ते तीन आकडे होते आणि दोन आकड्यांच्या मध्ये चार बारीक रेघा.

मग नेम सुरू झाला. सकाळी लाईटच्या मोठ्या मीटरचा आकडा, दुपारी काट्याचा आणि संध्याकाळी हायड्रोमीटरचा. तिन्ही तारीख-वार घालून दारामागे लिहायचे. म्हणजे तारेतून किती घेतलं, उन्हाने किती दिलं आणि बॅटरीत काय उरलं, सगळं एका ओळीत दिसायचं. आणि एक नियम केला. ऊन आहे तोपर्यंत घरात दिवा लावायचा नाही, बल्बही नाही आणि नळीही नाही. हा नियम मी केला होता. घरात नियम मीच करायचो.

अडचण एकच होती. मी काशीमीऱ्याला हायवेवरच्या एका गॅरेजात बॅटऱ्यांच्या कामाला जायचो तो दिवेलागणीलाच परत यायचो. दुपारचा काटा वाचणार कोण? बायको शाळेची पायरी चढली नव्हती. तिला आकडे येत नव्हते. मी तिला त्या तबकडीवर आकडे शिकवले. आधी शून्य, मग एक, दोन, तीन. मग मधल्या रेघा. आठ दिवसांत ती वाचायला लागली. घोडबंदरकडे जाणारी दुपारची बस गावाच्या फाट्यावर हॉर्न द्यायची, तेव्हा ती हातातलं काम सोडून मीटरपुढे उभी राहायची. संध्याकाळी मी चपला काढत असतानाच सांगायची.

"आज दोनाच्या डोक्यावर होता." किंवा, "दोनाला एक रेघ कमी." पावसाळ्यात कधी, "एकाच्याही खाली. उठतच नव्हता बिचारा."

काट्याबद्दल ती घरातल्या माणसासारखं बोलायची. मला ते आवडायचं. मी तिला तसं कधी सांगितलं नाही, पण दुसऱ्यांना सांगायचो. कोणी प्लेट बघायला आलं की तिला बाहेर बोलवायचो आणि म्हणायचो, हिला विचारा. एक इयत्ता शिकली नाही, पण काटा माझ्यासारखा वाचते. ती पदर सारखा करायची आणि आकडा सांगायची. लोक मान हलवायचे. तिच्यापेक्षा माझीच मान वर व्हायची.

अशी दोन-अडीच वर्षं गेली. मग एका दिवाळीनंतर बॅटरी कमी भरायला लागली. आकाश स्वच्छ, ऊन कडक, दुपारचा काटा व्यवस्थित, आणि संध्याकाळी हायड्रोमीटरची काडी मात्र थोडी खाली. फार नाही, थोडीच. मी प्लेट पुसली. कावळे बसू नयेत म्हणून तार ओढली. बॅटरीतलं पाणी बघितलं, टोकं घासली. एक-दोन दिवस काडी वर यायची आणि पुन्हा खाली. आणि ज्या दिवशी ती वर असायची, त्या दिवशी लाईटच्या मीटरची चकती जास्त फिरलेली असायची. दोन्हीकडून थोडं थोडं जात होतं. मी बॅटरीचं कारण बॅटरीत शोधलं आणि मीटरचं मीटरात. दोन्ही एकत्र ठेवून बघितलं नाही. सव्वीस वर्षं काम केलेला माणूस मी.

त्याच दिवसांत बायको संध्याकाळी दिवा न लावता बसायला लागली. मी आलो की उठून लावायची. विचारलं तर म्हणायची, उजेडाची गरज काय, बसलेच आहे नुसती. मला वाटलं, बॅटरी उतरतेय म्हणून ही काटकसर करतेय. मी खूश झालो. एकदा उंबऱ्याला अडखळून तिच्या हातातली कळशी सांडली. मी म्हटलं, वय झालं, मोतीबिंदू येत असेल, पिकला की काढून टाकू. आमच्या घरात सगळ्यांना मोतीबिंदू झाला होता आणि सगळ्यांचा काढला होता. तिने रिकामी कळशी उचलली.

वैशाखाच्या अखेरीस योजनेचा इंजिनिअर तपासणीला आला. तरुण होता, पण नीट बोलणारा. त्याने प्लेट बघितली, बॅटरी बघितली आणि मग मी दार फिरवून त्याला माझे आकडे दाखवले. तो बराच वेळ वाचत राहिला. मला वाटलं, आता शाबासकी देणार.

"काका, हे दुपारचं कोण वाचतं?"

मी म्हटलं, आमची मंडळी.

तो म्हणाला, प्लेट इतकं सारखं देत नाही. मार्गशीर्षात ऊन तिरकं पडतं, आता डोक्यावर आहे. धुरकट दिवस असतो, ढगाचा तुकडा जातो. इथे तर कितीतरी दिवस एकच आकडा आहे. दोनाला एक रेघ कमी, दोनाला एक रेघ कमी. मधे एखादा दिवस बदललाय तो रविवार आहे, तेव्हा बहुतेक तुम्ही घरी असाल.

हे त्याने अगदी सरळ सांगितलं. माझं डोकं फिरलं. मी त्याला म्हटलं, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून मी काटे वाचतोय आणि माझ्या बायकोला मी शिकवलंय. प्लेट चांगली आहे म्हणून सारखी देते. तुमच्या बॅटरीत खोट आहे ते बघा. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि कप स्टुलावर ठेवला. अर्धा कप स्टुलाच्या बाहेर होता. त्या मुलाने तो पडायच्या आत धरला. त्याने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि चहा प्यायला. मी त्या कपाचाही राग त्याच्यावरच धरला.

जाताना तो म्हणाला, बॅटरीत खोट नाही, दिवसा कोणीतरी वापरतंय.

माझ्या घरात दिवसा दिवा लागत नाही, असं मी त्याला पायरीवर उभं राहून सुनावलं. बायको माझ्या मागे उभी होती.

दिवसा कोणीतरी वापरतंय, हे मात्र डोक्यात राहिलं. घरात कोणी वापरणार नाही, हे माझं पक्कं होतं. मग उरलं शेजारचं घर. शेजारी गावातली जुनी आगरी म्हातारी राहायची, माझ्याहून वयाने मोठी, तिला सगळे काकी म्हणायचे. तिच्या पडवीची भिंत माझ्या पडवीला लागून होती आणि माझ्या पडवीत बल्बचा होल्डर होता. त्यातून वायर ओढली असणार, असं मी मनात ठरवलं. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ पाळत ठेवली, काही सापडलं नाही. सापडलं नाही म्हणून संशय वाढला. एका रविवारी सकाळी मी तिच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि माझी लाईट चोरता काय, असं चार माणसांत विचारलं.

काकी मासळी साफ करत होती. तिने हात धुतले, उठली आणि दार सताड उघडलं.

"ये मीटरवाल्या, शोध. वायर गावली तं मी गाव सोडून जाते."

मी आत गेलो नाही. मी म्हटलं, मग माझं मीटर दुपारचं फिरतं कशाने?

तिने माझ्या घराकडे बघितलं. मग आवाज एकदम खाली आणला. बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून ती माझ्या अगदी जवळ आली.

"तुजी बायको भर दुपारचे दिवा लावून तांदूळ निवडते. एक दिवस बल्ब लावते, एक दिवस तुजी ती नळी. म्हंजे तुला कलायला नको. मला शप्पथ घातलीन, म्हणून मी बोलली न्हाय. तिला दिसत न्हाय रं."

मी तिला खोटारडी म्हटलं. हे लिहायला हात जड होतो, पण म्हटलं. माझ्या बायकोने कालच काटा वाचला आणि म्हणे हिला दिसत नाही? मी घरी आलो. काकी खोटी आहे हे मला सिद्ध करायचं होतं. डोळ्यांचं मनात आलंच नव्हतं, असं नाही. आलं होतं, पण मला आधी जिंकायचं होतं.

दुपारी कडक ऊन होतं. बायको आत होती. मी गच्चीवर गेलो आणि प्लेटीवर गोणपाट घातलं. एकावर एक दोन. खाली येऊन बघितलं, काटा शून्यावर पडलेला. मग फाट्यावर बसचा हॉर्न वाजला आणि ती नेमाप्रमाणे पदराला हात पुसत आली. मी बाजूला खुर्चीवर बसलो होतो. ती मीटरपुढे उभी राहिली, मान थोडी वाकडी केली आणि डावा डोळा काचेजवळ नेला. तशी ती किती दिवसांपासून उभी राहत होती, देव जाणे. मी इतक्या जवळून त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

तिने काही विचारायच्या आत मीच विचारलं, किती आहे?

"दोनाला एक रेघ कमी."

 ती वळली, चालली, मग थांबली. मी रोज लगेच लिहायचो, पेन्सिलीचा आवाज यायचा. त्या दिवशी आला नाही. तिने विचारलं, "काय झालं?"

मी सांगितलं, प्लेट झाकलीय.

ती जागेवरच खाली बसली. रडली नाही. म्हणाली, "तुम्ही चारचौघांत सांगायचात, हिला काटा वाचता येतो म्हणून. मग मी कोणत्या तोंडाने सांगू, आता येत नाही?"

आधी उजव्या डोळ्यात कडेने अंधार आला, मग डाव्यानेही बारीक काटा दिसेनासा झाला. एक दिवस चुकवला तर मी विचारेन, म्हणून तिने आदल्या दिवशीचा आकडा सांगितला. मी तो तसाच लिहिला. मग दुसऱ्या दिवशीही तोच सांगितला. तांदळातले खडे दिसेनात म्हणून दिवा लावायला लागली, पण दोन्हीकडून वाटून, थोडं थोडं. मी घरी असेन त्या रविवारी आधी माझ्या तोंडून आकडा काढून घ्यायची. आणि दुपारी वापरलेलं भरून निघावं म्हणून संध्याकाळी अंधारात बसायची. हे सगळं तिने सांगितलं ते मी मागितलं म्हणून नाही. मला विचारायची हिंमत नव्हती. तिनेच एकेक करून सांगितलं, जणू ओझं उतरवत होती.

दुसऱ्या दिवशी भाईंदरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. निघायच्या आधी मी दारामागे उभा राहून आकडे उलटे वाचत गेलो. जिथून तो एकच आकडा सुरू होत होता, तिथे बोट ठेवलं. बोट तिथून निघेना.

डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले, थेंब घातले, पुन्हा तपासले. किती दिवस झाले म्हणून विचारलं. ती म्हणाली, थोडेच दिवस. मी म्हणालो, सात महिने. भाऊबीजेनंतरच्या मंगळवारपासून. डॉक्टरांनी विचारलं, इतकं नेमकं कसं सांगता? मी सांगितलं कसं ते. काटा, दार, आकडे, सगळं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता. मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूत जी नजर गेली ती गेली, उरलेली तेवढी औषधाने धरून ठेवायची. उजवा डोळा संपला होता. डाव्यात मधल्या भागापुरतं उरलं होतं, तेही अंधुक. मी विचारलं, त्या मंगळवारी आणली असती तर?  डॉक्टर म्हणाले, उजव्यातलं बरंच राहिलं असतं. त्यांनी खोटं सांगितलं नाही, हे त्यांचे उपकार मानतो.

घरी येऊन मी पहिलं काम केलं ते नियम मोडला. तिची तांदूळ निवडायची जागा होती तिथे वर एक नळी टांगली. ती दिवसभर लागायची. ऊन असो, नसो. बॅटरी उतरली तर उतरू दे. दुसरं काम काकीचं होतं. माफी मागणं मला आयुष्यात जमलं नाही. दुसऱ्या नळीची वायर वाढवून मी ती पडवीच्या भिंतीवरून तिच्या चुलीपर्यंत नेली. लाईट गेली की तिच्याकडेही उजेड पडायला लागला. ती कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "आता शोध. आता गावंल वायर." आणि हसली. मी पक्कड घेऊन खाली मान घालून निघून आलो.

दारावर लिहिणं मी बंद केलं. पंधरा-वीस दिवस तसेच गेले. मग एका रविवारी फाट्यावर हॉर्न वाजला आणि बायको उठून मीटरपुढे जाऊन उभी राहिली. सवयीने की मुद्दाम, मी विचारलं नाही. नुसती उभी राहिली आणि परत फिरली.

त्या संध्याकाळी मी मीटर खाली काढलं. पुढची काच काढून टाकली. तबकडीवर प्रत्येक आकड्यापाशी घट्ट डिंकाचा एक ठिपका दिला, मधल्या रेघांना बारीक ठिपके. रात्रभर वाळू दिलं आणि सकाळी ऊन चढल्यावर बसवलं. तिचा हात धरून बोट ठिपक्यांवरून फिरवलं. शून्य, एक, दोन, तीन. तिने आकडे मोठ्याने म्हटले, पहिल्यांदा शिकताना म्हणायची तसे. मग तिने बोटाचं टोक काट्याला लावलं.

आता ज्याला काट्याचं मीटर माहीत आहे त्याला सांगायला नको. काटा केसाइतका नाजूक असतो. त्याला बोट लागलं की तो हलतो, सरकतो, कधी दाबला जातो. बोटाने वाचलेला आकडा बरोबर येतच नाही. डेपोत कोणी असा हात लावला असता तर मी त्याला खोलीबाहेर काढलं असतं.

"दीड," ती म्हणाली. "दीडाच्या थोडा वर. बरोबर?"

मी बघत होतो. बोट लागायच्या आधी काटा दोनावर होता.

मी दारामागे गेलो आणि तिला आवाज ऐकू येईल इतकी पेन्सिल दाबून लिहिलं, दीडाच्या थोडा वर. त्यानंतर बॅटरी पार बसेपर्यंत, चार वर्षं, ती रोज बोटाने वाचायची. मी घरी असलो तर तिथेच उभा राहून, नसलो तर संध्याकाळी येऊन, ती सांगेल तेच लिहीत गेलो.